ग्रीक आणि युक्रेनियन: मराठीचा हात धरून दोन भाषांत शिरताना

कोकणातली आणि गोव्यातली मुलं मर्चंट नेव्हीत जातात तेव्हा या दोन भाषा त्यांच्या कानावर एकाच जहाजावर पडू शकतात. कंपनी ग्रीसमधल्या पिरेअस बंदराची, चीफ इंजिनिअर युक्रेनमधल्या ओदेसाचा. कामकाज इंग्रजीत चालतं, पण मेसमध्ये जेवायला बसल्यावर इंग्रजी कोण बोलतंय! युक्रेनमध्ये मेडिकलला गेलेल्यांचंही तसंच. वर्गात शिकवणं इंग्रजीत, पण वॉर्डातला पेशंट आपलं दुखणं स्वतःच्या भाषेतच सांगणार. शिवाय काहींना नुसती हौस असते, आणि ते कारणही पुरेसं आहे.

या सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच: दोन्हींची अक्षरं सारखी दिसतात, मग भाषाही सारख्या असतील का? नाहीत. दोन्ही भाषा इंडो-युरोपीय कुळातल्या, पण ग्रीकची शाखा स्वतंत्र, तिला जवळची बहीण नाही. युक्रेनियन स्लाव्हिक शाखेतली. बेलारुशियन, रशियन, पोलिश ही तिची भावकी. मराठीही याच कुळातली, पण भारतीय शाखेतून आलेली. म्हणजे नात्याने तिघी एकमेकींच्या लांबच्या चुलत बहिणी.

मला सांगायचं आहे ते इतकंच: या भाषा इंग्रजीच्या चष्म्यातून शिकू नका. पुस्तकं आणि अ‍ॅप बहुतेक इंग्रजीतूनच मिळतील, त्याला इलाज नाही. पण ती पुस्तकं इंग्रजी बोलणाऱ्याला जिथे घाबरवतात (तीन लिंगं! सात विभक्ती!), तिथे तुम्हाला घाबरायचं कारण नाही. उलट इंग्रजीवाल्याला सहज जमणाऱ्या दोन-चार गोष्टी तुम्हाला अडवतील. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची प्रशिक्षण संस्था दोन्ही भाषांना सुमारे ११०० तासांच्या एकाच कठीण गटात टाकते. तो हिशेब इंग्रजी मातृभाषा असणाऱ्यांचा.

खाली परके शब्द देवनागरीत लिहिले आहेत, म्हणजे उच्चार जवळपासचेच आहेत. वाचताना दोन्ही लिप्यांचे तक्ते समोर असू द्या.

पायरी पहिली: लिपी

ग्रीकमध्ये २४ अक्षरं, युक्रेनियनमध्ये ३३. साम्याचं कारण इतिहासात आहे. नवव्या शतकात थेस्सालोनिकी या ग्रीक शहराचे सिरिल आणि मेथोदियस हे दोघे भाऊ स्लाव्ह लोकांत धर्मप्रचाराला गेले आणि त्यांच्यासाठी एक लिपी तयार झाली, ग्लागोलिटिक. ती दिसायला अगदी वेगळी होती. आज जिला आपण सिरिलिक म्हणतो ती त्यानंतर बल्गेरियन राज्यात घडली. तिचा पाया ग्रीक मोठ्या अक्षरांचा. श, च, झ असे जे ध्वनी ग्रीकमध्ये नव्हतेच त्यांच्यासाठी नवी अक्षरं जोडली. नाव मात्र सिरिलचं लागलं.

त्यामुळे आल्फा, काप्पा, मी, ओमिक्रॉन, ताफ ही अक्षरं दोन्हीकडे जवळपास तीच. गामा, डेल्टा, लाम्डा, पी, रो, फी, खी यांची सिरिलिक रूपंही ओळखू येतात. शाळेत गणिताला पाय आणि डेल्टा भेटलेले असतात, त्यांचा इथे उपयोग होतो. रोमन पी-सारखं दिसणारं अक्षर दोन्हीकडे 'र', एक्ससारखं दिसणारं दोन्हीकडे घशातला 'ख', आणि बी-सारखं दिसणारं मोठं अक्षर दोन्हीकडे 'व'. हो, ग्रीकमध्येसुद्धा 'व'. बीटा म्हणायची सवय सोडा, ग्रीक माणूस 'वीता' म्हणतो.

मग आज ग्रीकमध्ये 'ब' कसा लिहितात? मी आणि पी ही दोन अक्षरं जोडून. 'ड'च्या जवळचा ध्वनी नी आणि ताफ जोडून. अथेन्समध्ये बारच्या पाटीवर 'म्पार' लिहिल्यासारखं दिसलं तर तो बारच आहे. युक्रेनियनमध्ये 'ब'ला स्वतंत्र अक्षर आहे आणि हा खटाटोप नाही.

सापळे कुठे आहेत ते आधीच सांगतो. रोमन एचसारखं दिसणारं मोठं अक्षर ग्रीकमध्ये 'इ' आहे आणि युक्रेनियनमध्ये 'न'. वायसारखं दिसणारं अक्षर ग्रीकमध्ये बहुधा 'इ', युक्रेनियनमध्ये 'उ'. रोमन व्ही-सारखं दिसणारं ग्रीक छोटं अक्षर 'व' नसून 'न' आहे, आणि यात प्रत्येक नवशिका फसतो. दोन्ही लिप्या एकाच आठवड्यात शिकायला घेतल्या तर ही तीन अक्षरं डोक्यात कायमची गुंतून बसतात. म्हणून एक लिपी हातात बसेपर्यंत दुसरीला हात लावू नका.

छापील युक्रेनियनमध्ये छोटी अक्षरं म्हणजे बहुतेक मोठ्याच अक्षरांची लहान आवृत्ती असते. ग्रीकमध्ये छोटी अक्षरं वेगळी शिकावी लागतात, आणि सिग्माची तर दोन छोटी रूपं आहेत: एक शब्दाच्या आत, एक शब्दाच्या शेवटी. पण युक्रेनियन हस्ताक्षराचं प्रकरण वेगळं. हाताने लिहिलेला 'त' रोमन एमसारखा, 'प' एनसारखा आणि 'द' जीसारखा दिसतो. डॉक्टरची चिठ्ठी वाचायची हौस सुरुवातीला बाळगू नका. तिरप्या छपाईतही हीच रूपं येतात.

युक्रेनियन आणि रशियन मजकूर वेगळे ओळखायचे असतील तर डोक्यावर दोन टिंबं असलेला उभा दांडा शोधा. त्याचा उच्चार 'यि', आणि तो 'कीव्ह' आणि 'युक्रेन' या दोन्ही शब्दांच्या मूळ स्पेलिंगमध्ये आहे. रशियनमध्ये हे अक्षर नाही. फोनवर कीबोर्ड टाकतानाही हे पाहून घ्या, कारण घाईत 'सिरिलिक' म्हणून रशियन कीबोर्ड टाकला जातो आणि मग हवी ती अक्षरं सापडत नाहीत.

ग्रीकमध्ये प्रश्नचिन्ह आपल्या अर्धविरामासारखं दिसतं. एखादं वाक्य मध्येच तुटल्यासारखं वाटलं तर बहुधा तुम्हाला काहीतरी विचारलंय.

पायरी दुसरी: तोंड तयार करणं

इथे मराठी माणसाचं पारडं जड आहे, विशेषतः युक्रेनियनमध्ये.

आपण 'चमचा'तला च आणि 'चिमणी'तला च वेगळे उच्चारतो आणि अक्षर मात्र एकच वापरतो. युक्रेनियनमध्ये या दोन ध्वनींना दोन स्वतंत्र अक्षरं आहेत. 'जुना'तला ज आणि 'जेवण'तला ज यांचंही तसंच, फक्त ते प्रत्येकी दोन अक्षरं जोडून लिहितात. हिंदी भाषकाला हा फरक मुद्दाम शिकावा लागतो, आपल्याला तो बाळबोध. ग्रीकमध्ये 'चमचा'चा च आणि 'जुना'चा ज आहेत, पण 'चिमणी'चा च नाही आणि श सुद्धा नाही. म्हणून ग्रीक माणूस इंग्रजी बोलताना 'शिप'चं 'सिप' करू शकतो. सायप्रसमध्ये मात्र बोलीत श आणि च दोन्ही आहेत. तिथे 'आणि' या अर्थाचा ग्रीक 'के' चक्क 'जे' होतो, तेव्हा लिमासोलला उतरलात आणि शिकलेलं काहीच कळेना, तर दोष तुमचा नाही.

दुसरी मोठी देणगी म्हणजे आपला 'ह'. ग्रीक गामापासून आलेलं युक्रेनियन अक्षर रशियनमध्ये 'ग' आहे, पण युक्रेनियनमध्ये घोष (कंठ थरथरवून म्हटलेला) 'ह' आहे, मराठीत 'हात' म्हणताना येतो तोच. डोकं 'होलोवा', डोंगर 'होरा', पैसे 'ह्रोशी'. 'ग'साठी वेगळं अक्षर आहे, त्याच आकाराला वर छोटं शिंग फुटल्यासारखं. या शिंगाला राजकारण आहे: १९३३च्या सोव्हिएत शुद्धलेखनाने ते काढून टाकलं आणि १९९०मध्ये ते परत आलं. त्यामुळे मधल्या काळात सोव्हिएत युक्रेनमध्ये छापलेल्या पुस्तकात हे अक्षर सापडणार नाही. जुना शब्दकोश स्वस्तात मिळाला तर हे लक्षात ठेवून घ्या.

युक्रेनियनमध्ये अडणाऱ्या गोष्टी दोन. एक, 'इ' आणि 'ए' यांच्या मधला एक स्वर. 'लीस' म्हणजे जंगल आणि हा मधला स्वर घेऊन म्हटलेला 'लिस' म्हणजे कोल्हा. आपला ऱ्हस्व इ तिथे पुरत नाही, जीभ किंचित खाली आणि मागे न्यावी लागते. दोन, मृदू व्यंजनं. शेवटचा न साधा असेल तर 'स्तान' म्हणजे स्थिती. तोच न जिभेचा मधला भाग टाळूला लावून मृदू केला की 'स्तान्य' म्हणजे 'उभा राहा'. तो पुरता 'न्य' नाही, त्यातला य निम्म्यावर सोडून द्यायचा. हे ऐकूनच जमतं.

ग्रीकमध्ये अडचण वेगळी. थीता, फी आणि खी ही अक्षरं प्राचीन काळी थ, फ, ख अशी महाप्राण होती, म्हणजे नेमकी आपली. प्लेटोच्या काळचं ग्रीक वाचायला मराठी जीभ इंग्रजीपेक्षा सरस. पण आजच्या ग्रीकमध्ये हे तिन्ही ध्वनी घर्षणाचे झाले आहेत. थीतासाठी जीभ दातांच्या मध्ये घेऊन हवा सोडायची, इंग्रजी 'थिंक' जसं इंग्रज म्हणतो तसं. आपण म्हणतो तसं नाही. डेल्टाही तसाच, फक्त घोष. गामा हा घशात घासलेला ग, आणि पुढे इ किंवा ए आला की तो जवळजवळ 'य' होतो. म्हणून 'नमस्कार'साठीचा शब्द लिहिताना सुरुवात गामाने करतात आणि म्हणतात 'या सास'.

ट, ठ, ड, ढ, ण आणि ळ दोन्ही भाषांत नाहीत. आपण परकी भाषा बोलताना ट आणि ड सहज घुसवतो. ते टाळा, नेहमी दाताचे त आणि द.

पायरी तिसरी: आघात आणि शुद्धलेखन

मराठीत कुठल्या अक्षरावर जोर दिला यावरून शब्दाचा अर्थ बदलत नाही. या दोन्ही भाषांत बदलतो. ग्रीकमध्ये 'पोते'च्या पहिल्या अक्षरावर जोर दिला तर 'केव्हा', दुसऱ्यावर दिला तर 'कधीच नाही'. 'केव्हा येणार?' असं विचारताना जोर चुकला तर ऐकणारा गोंधळणारच. युक्रेनियनमध्ये 'झामोक'चा पहिला स्वर ठासला तर किल्ला, दुसरा ठासला तर कुलूप.

फरक असा की ग्रीक लिहिताना एकाहून जास्त अक्षरी प्रत्येक शब्दावर आघाताची खूण असते, आणि आघात शेवटच्या तीन उच्चारी अक्षरांच्या बाहेर जात नाही. युक्रेनियनमध्ये खूण नसते आणि आघात कुठेही पडतो, वर एकाच शब्दाच्या रूपांत जागाही बदलतो. म्हणून युक्रेनियन शब्द लिहून घेताना पहिल्या दिवसापासून आपल्या वहीत जोराची खूण स्वतः करा. शब्दकोशात ती दिलेली असते.

शुद्धलेखनात पारडं उलटं फिरतं. युक्रेनियन बऱ्याच अंशी लिहिलं तसं वाचता येतं: जोर नसलेला 'ओ' रशियनसारखा 'आ' होत नाही, शब्दाच्या शेवटचा 'ब' 'प' होत नाही. ग्रीकही पाहून वाचायला सोपं आहे, पण ऐकून लिहायला महाकठीण. एकच 'इ' सहा तऱ्हांनी लिहिला जातो, 'ए' आणि 'ओ' प्रत्येकी दोन तऱ्हांनी. आपण 'पाणी' आणि 'आणि' बोलताना सारखेच संपवतो आणि लिहिताना ऱ्हस्व-दीर्घावरून डोकं धरतो, तीच जात. कारणही तेच: जुन्या काळी हे स्वर खरोखर वेगळे होते, ग्रीक एता आणि ओमेगा दीर्घ होते. उच्चार एक झाले, लेखन तिथेच राहिलं. ग्रीकांनी एक ओझं मात्र उतरवलं: पूर्वी आघाताच्या खुणा तीन प्रकारच्या होत्या आणि श्वासाच्या आणखी दोन, १९८२पासून एकच खूण उरली. शब्दांच्या डोक्यावर खुणांची गर्दी दिसली की पुस्तक बहुधा जुनं समजावं.

पायरी चौथी: तो, ती, ते

व्याकरणाची सुरुवात इथून करा.

मराठीत तो, ती, ते. युक्रेनियनमध्ये 'तो' या दर्शक सर्वनामाची रूपं तोय, ता, ते. हा योगायोग नाही, दोन्हींचं मूळ एकच. ग्रीकमध्ये त्याच मुळातून आलेलं उपपद (इंग्रजी 'द'सारखं) आहे: पुल्लिंगी 'ओ', स्त्रीलिंगी 'ई', नपुंसकलिंगी 'तो'. सावध, ग्रीक 'तो' नपुंसकलिंगी आहे! हे उपपद जवळजवळ प्रत्येक नामाला लागतं, माणसाच्या नावालासुद्धा: 'ओ योर्गोस', 'ई मारिया'. युक्रेनियनमध्ये उपपद नाहीच, मराठीसारखं.

तीन लिंगं आपल्याला अंगवळणी पडलेली आहेत, आणि दोन्ही भाषांत ती नामाच्या शेवटावरून मराठीपेक्षा सहज कळतात. युक्रेनियनमध्ये व्यंजनान्त शब्द बहुधा पुल्लिंगी, आकारान्त स्त्रीलिंगी, ओकारान्त आणि एकारान्त नपुंसकलिंगी. ग्रीकमध्ये 'ओस' पुल्लिंगी, 'ओ' नपुंसकलिंगी, 'आ' आणि एता अक्षराने लिहिलेला 'ई' बहुधा स्त्रीलिंगी. अपवाद निघतील.

युक्रेनियन भूतकाळ पाहिला की मराठी माणूस हसतो. ती वाचत होती: 'वोना चिताला'. ती होती: 'बुला', ते होतं: 'बुलो'. ल लागतो आणि लिंगाप्रमाणे शेवट बदलतो, आपल्या 'गेला, गेली, गेलं'सारखा. पुरुष 'मी गेलो'साठी 'या पिशोव' म्हणतो, बाई 'या पिश्ला'. (हा ल मात्र आपल्या ल-चा नातेवाईक नाही. दोघे वेगवेगळ्या वाटांनी आले.) ग्रीकमध्ये 'पीगा' म्हणजे 'गेलो'ही आणि 'गेले'ही. क्रियापदाला लिंग नाही.

सवयीने होणारी एक चूक सांगून ठेवतो. मराठीत 'तिने पुस्तक वाचलं' म्हणताना क्रियापद पुस्तकाप्रमाणे चालतं. या दोन्ही भाषांत ते कायम कर्त्याप्रमाणे चालतं, वाचणारी ती तर क्रियापदही तिचंच. 'ने'ची सवय इथे विसरायची.

पायरी पाचवी: विभक्ती

युक्रेनियनमध्ये सात विभक्ती, आजच्या ग्रीकमध्ये चार. शाळेत प्रथमा ते संबोधन पाठ केलेल्याला सात ऐकून घाम फुटू नये. चाकूने: 'नोझेम'. कीव्हमध्ये: 'उ कीयेवी'. आपला सामान्यरूपाचा अनुभवही कामाला येतो: 'घोडा' चं 'घोड्या' झाल्याशिवाय 'ला' लागत नाही, तसाच युक्रेनियन शब्दही प्रत्यय घेताना आतून हलतो. 'कीव्ह'चा 'कीयेव' झाला तो त्यामुळेच.

ग्रीकमध्ये तृतीया नाही, सप्तमी नाही, चतुर्थी इतिहासजमा झाली. त्यांची कामं शब्दयोगी अव्ययं करतात, पण ती नामाच्या आधी येतात: 'मे तो माखेरी', चाकूने. म्हणजे विभक्तीपुरतं बघितलं तर ग्रीक सोपं. मात्र ग्रीकमध्ये उपपदही विभक्तीप्रमाणे बदलतं, तेव्हा जरा थांबून पाठ करावं लागतंच.

संबोधन दोन्हीकडे जिवंत आहे, आणि अनोळखी माणसाला नावाने हाक मारताना ते वापरलंत तर समोरच्याचा चेहरा खुलतो. अलेक्सान्द्रोस नावाच्या ग्रीकाला हाक मारायची 'अलेक्सान्द्रे!', ओलेक्सान्द्र नावाच्या युक्रेनियनाला 'ओलेक्सान्द्रे!'. हा 'ए' दोन्ही भाषांना एकाच पूर्वजाकडून मिळाला आहे. बाकी ग्रीक कोस्तासचा 'कोस्ता', योर्गोसचा 'योर्गो'. युक्रेनियन ओक्सानाची 'ओक्सानो', आईची 'मामो'.

मोठ्यांना आणि अनोळखींना तुम्ही, दोस्ताला तू हा हिशेब तिन्ही भाषांत सारखा. युक्रेनियन 'ती' आणि 'वी', ग्रीक 'एसी' आणि 'एसीस'. युक्रेनमध्ये प्राध्यापकांना किंवा डॉक्टरांना मान देऊन बोलावताना नावापुढे वडिलांच्या नावाचं रूप लावतात: ओलेना पेत्रीव्ना, म्हणजे पेत्रोची मुलगी ओलेना. नाव, वडिलांचं नाव, आडनाव ही आपली पद्धत असल्यामुळे तिथल्या फॉर्ममध्ये मराठी माणूस अडखळत नाही. ग्रीसमध्येही सरकारी कागदावर वडिलांचं नाव विचारतात, बोलताना मात्र ते वापरत नाहीत.

पायरी सहावी: 'मला आवडतं' आणि बाकीची वाक्यं

'मला आवडतं' हे वाक्य लवकर शिका. ग्रीक 'मू आरेसी', युक्रेनियन 'मेनी पोदोबायेत्स्या'. दोन्हीकडे आवडणारी गोष्ट कर्ता, आणि आपण 'मला'. इंग्रजीवाल्याला इथे वाक्य उलटं करून शिकवावं लागतं. युक्रेनियन तर आणखी पुढे जाते: 'मेनी खोलोद्नो' म्हणजे मला थंडी वाजतेय, 'मेनी द्वाद्त्यात रोकीव' म्हणजे मी वीस वर्षांचा, शब्दशः 'मला वीस वर्षं'. 'माझ्याकडे आहे' यालाही युक्रेनियनमध्ये 'उ मेने ये' अशी आपल्यासारखीच मांडणी आहे. ग्रीकमध्ये सरळ 'एखो' हे क्रियापद.

'मी विद्यार्थी आहे' या वाक्यात मात्र दोघी दोन टोकांना जातात. युक्रेनियन 'आहे' गाळते: 'या स्तुदेन्त'. ग्रीक 'मी' गाळते आणि 'आहे' ठेवते: 'इमे फितितीस'.

क्रियापदाचा खरा डोंगर म्हणजे क्रिया चालू की पुरी झालेली हा भेद, आणि तो दोन्हीकडे आहे. 'रोज पत्र लिहीत जाईन' आणि 'उद्या पत्र लिहून टाकीन' यांत आपण जो फरक करतो तो या भाषा प्रत्येक क्रियापदावर करायला लावतात. ग्रीकमध्ये 'था ग्राफो' आणि 'था ग्राप्सो'. युक्रेनियनमध्ये 'पिसातिमू' आणि 'नापिशू', म्हणजे अनेकदा क्रियापदाची जोडीच पाठ करायची. वहीत एकेकटं क्रियापद कधीच लिहू नका, जोडीनेच लिहा. हा नियम सुरुवातीला पाळला नाही तर पुढे सगळं उकरून पुन्हा शिकावं लागतं.

ग्रीकमध्ये 'लिहिणे' असं धातूचं मूळ रूप नाही. शब्दकोशात 'ग्राफो' म्हणजे 'मी लिहितो' असंच रूप मिळेल. 'मला लिहायचंय' साठी 'थेलो ना ग्राप्सो'. हा 'ना' नकार नाही.

पायरी सातवी: हो, नाही, वार आणि आकडे

ग्रीकमध्ये 'हो' म्हणजे 'ने'. युक्रेनियनमध्ये 'नी' म्हणजे 'नाही'. मराठी कानाला दोन्ही नकारच. ग्रीक नकार 'ओखी', युक्रेनियन होकार 'ताक'. पुष्कळ ग्रीक लोक नकार देताना डोकं मागे झटकतात आणि जिभेने च्यक करतात. ते च्यक आपल्यालाही समजतं.

'कृपया' आपण बोलताना वापरत नाही, पण इथे वापरायला हवं. ग्रीक 'पाराकालो', युक्रेनियन 'बुद लास्का'. गंमत म्हणजे आभार मानल्यावरचं 'असू दे, असू दे' सुद्धा याच शब्दांत.

वारांचं नीट ऐका, अपॉइंटमेंट चुकेल. ग्रीक लोक रविवारपासून मोजतात: सोमवार 'देफ्तेरा' म्हणजे दुसरा, गुरुवार 'पेम्प्ती' म्हणजे पाचवा. युक्रेनियन सोमवारपासून मोजतात: मंगळवार 'विव्तोरोक' म्हणजे दुसरा, शुक्रवार 'प्यात्नित्स्या' म्हणजे पाचवा. पाच या आकड्यावर विसंबून एका भाषेतून दुसरीत गेलात तर एक दिवस उशिरा किंवा लवकर पोचाल. शनिवार मात्र दोन्हीकडे एकाच मुळाचा, 'साव्वातो' आणि 'सुबोता'.

महिन्यांत ग्रीक सोपं, इआनुआरिओस, फेव्रुआरिओस असं ओळखीचं. युक्रेनियनचे महिने निसर्गावरून: 'क्वितेन' फुलांचा एप्रिल, 'त्रावेन' गवताचा मे, 'सेर्पेन' विळ्याचा ऑगस्ट, 'झोव्तेन' पिवळा ऑक्टोबर, 'लिस्तोपाद' पानगळीचा नोव्हेंबर. सरळ पाठ करा.

आकड्यांत संस्कृत मदतीला येतं. दश, शत यांतला श युक्रेनियनमध्ये स आहे: 'देस्यात', 'स्तो'. ग्रीकमध्ये त्याच जागी क: 'देका', 'एकातो'. सप्तचा स ग्रीकमध्ये गळून 'एप्ता' झाला, युक्रेनियन 'सिम'ने तो ठेवला. युक्रेनियनमध्ये मोजताना दोन, तीन, चारनंतर नाम अनेकवचनी, आणि पाचपासून पुढे षष्ठीचं अनेकवचन: 'द्वी क्निझ्की', 'प्यात क्निझोक'. बाजारात लगेच लागतं हे.

फसवे शब्दही थोडे आहेत. ग्रीक 'माती' म्हणजे डोळा, युक्रेनियन 'माती' म्हणजे आई. आपली माती दोन्हीकडे नाही.

पायरी आठवी: एका भाषेची कमाई दुसरीत वापरणं

एक भाषा मार्गी लागली की दुसरीत काय फुकट मिळतं? व्याकरण फारसं नाही, शब्द मात्र मिळतात. ९८८मध्ये कीव्हच्या वोलोदिमिरने कॉन्स्टँटिनोपलकडून ख्रिस्ती धर्म घेतला आणि त्याबरोबर ग्रीक नावं आली: आन्द्रीय, पेत्रो, मिकोला, वासिल, कातेरिना, इरिना. थीताचा उच्चार स्लाव्ह जिभेला जमेना, म्हणून थेओदोरोसचा 'फेदिर' आणि थोमासचा 'खोमा' झाला. अथेन्स युक्रेनियनमध्ये 'आफीनी' आहे. २०१९च्या नव्या शुद्धलेखनाने 'आतेनी' हेही रूप चालवून घेतलं, तेव्हा शब्दकोशात अशा जोड्या दिसल्या तर दोन्ही बरोबर. गुलाबासाठी युक्रेनियन शब्द 'त्रोयान्दा' हा ग्रीक 'त्रिआन्दाफिलो' म्हणजे तीस पाकळ्यांचं फूल यावरून आला. उलट दिशेनेही वाहतूक झाली: ग्रीक 'रूखो' म्हणजे कपडा आणि 'दोम्ब्रोस' म्हणजे सरळ मनाचा, हे स्लाव्हिकमधून गेलेले. युक्रेनियन 'दोब्री' म्हणजे चांगला हा त्या दोम्ब्रोसचा भाऊ.

नकाशावर तर हे नातं उघडंच दिसतं. मेलितोपोल, सिम्फेरोपोल यांच्या शेवटी ग्रीक 'पोलिस' म्हणजे शहर आहे. ग्रीक स्वातंत्र्यासाठी काम करणारी गुप्त संघटना, फिलिकी एतेरिया, १८१४ मध्ये ओदेसात स्थापन झाली. क्रिमियातल्या ग्रीकांना १७७८मध्ये रशियन साम्राज्याने अझोव्ह समुद्राकाठी हलवलं आणि १७८०मध्ये त्यांनी मारिउपोल वसवलं. त्यांच्यातल्या काहींची बोली रुमेइका ही ग्रीक, तर उरुम म्हणवणाऱ्यांची बोली तुर्की कुळातली. २००१च्या जनगणनेत युक्रेनमध्ये सुमारे ९१ हजार लोकांनी स्वतःला ग्रीक म्हणून नोंदवलं होतं. रशियाच्या २०२२च्या वेढ्यात मारिउपोल उद्ध्वस्त झालं आणि हा समाजही विखुरला.

आणि आपल्याकडे? मराठीतले 'केंद्र', 'दाम', 'होरा' हे शब्द संस्कृतमार्गे ग्रीकमधूनच आले आहेत. अथेन्समध्ये 'केन्द्रो' अशी पाटी दिसली की शहराच्या मध्याकडे चाललात असं समजा.

आता आधी कुठली?

कामाची गरज असेल तर प्रश्नच नाही, ज्यांच्यात राहायचं त्यांची भाषा. निव्वळ हौस असेल तर मी युक्रेनियन आधी सुचवेन, कारण तिचे ध्वनी आणि 'मेनी'ची वाक्यं मराठी तोंडात लवकर बसतात, आणि लवकर बोलता आलं की माणूस टिकतो. विभक्तीचा कंटाळा आणि पाठांतराचा तिटकारा असेल तर ग्रीक घ्या, पण शुद्धलेखनाचं पथ्य पाळायची तयारी ठेवून. युक्रेनियन शिकताना रस्त्यावर युक्रेनियन-रशियन मिसळलेली 'सुर्झिक' ऐकू येईल. ती समजून घ्या, शिकताना मात्र प्रमाण भाषाच धरा.

परीक्षा द्यायची असेल तर ग्रीकसाठी थेस्सालोनिकीच्या ग्रीक भाषा केंद्राचं प्रमाणपत्र आहे, ए-वन (सर्वांत सोपी) ते सी-टू (सर्वांत कठीण) अशा पायऱ्यांचं. ए-वनचा अभ्यासक्रम परीक्षा द्यायची नसली तरी काढून ठेवा. सुरुवातीला काय शिकायचं आणि काय पुढच्यासाठी सोडायचं, याची यादी त्यात आयती मिळते.